स्कॉलरशिपच्या फॉर्ममधलं "कुटुंबाचं उत्पन्न" म्हणजे नेमकं कोणाचं? नवीन पोरांसाठी पहिल्यापासून सगळं

कॉलेजला ॲडमिशन झालं की महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म उघडायची वेळ येते, आणि त्यात मार्कांपेक्षा जास्त प्रश्न घरचेच असतात. वडील हयात आहेत का, काय करतात, आई कमावते का, वार्षिक उत्पन्न किती, घरून येजा करता की हॉस्टेलला राहता. सरळ घर असेल, म्हणजे आई, वडील, दोन पोरं, एक पगार, तर पंधरा मिनिटांचं काम आहे. पण आपल्याकडे किती घरं अशी सरळ असतात सांगा. कोणी मामाकडे राहून शिकतंय, कोणाचे आईवडील वेगळे राहतात पण कागदावर काहीच नाही, कोणाचा मोठा भाऊ कमावतो आणि घर तोच चालवतो, कोणाचं लग्न झालंय. अशांनी काय लिहायचं हे फॉर्म सांगत नाही, कॉलेजचा क्लार्क "सेतूत विचारा" म्हणतो आणि सेतूवाला "कॉलेजात विचारा" म्हणतो.

मी स्वतःचे, भावाचे आणि नंतर गावातल्या बऱ्याच पोरापोरींचे फॉर्म भरलेत, त्यावरून हे लिहितोय. हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या दहावीनंतरच्या स्कॉलरशिपसाठी आहे.

१. आधी योजना ठरवा, मग उत्पन्न मोजा

लोक उलटं करतात. आधी दाखला काढतात आणि मग कुठे चालतो ते बघतात. प्रत्येक योजनेची मर्यादा वेगळी आणि कोणाचं उत्पन्न धरायचं तेही वेगळं, म्हणून आधी हे बघा:

एससी आणि एसटीसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप, जिला सगळे "जीओआय" म्हणतात, तिची मर्यादा २.५ लाख. एससीच्या मुलांचं त्याच्यावर गेलं तर फ्रीशिप असते, त्यात ट्यूशन फी आणि परीक्षा फी सुटते पण भत्ता मिळत नाही. त्यामुळे २.५ लाखाच्या वर आहोत म्हणून फॉर्मच न भरणारे जे आहेत त्यांनी कृपया भरा.

ओपन, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) वगैरे मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, बोलीभाषेत ईबीसी. मर्यादा ८ लाख, आणि व्यावसायिक कोर्सला निम्मी फी सुटते. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, २०२४-२५ पासून. पण ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली असेल तर घरची परिस्थिती कितीही बेताची असू दे, ही योजना लागू होत नाही. ॲडमिशन घेताना एजंट हे सांगत नाही.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. बारावीत बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये असाल आणि उत्पन्न ४.५ लाखाच्या आत असेल तर डिग्रीला वर्षाला १२ हजार मिळतात, पण मग दुसरी स्कॉलरशिप किंवा फी माफी घेता येत नाही. टेक्निकल कोर्सच्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती योजना आहे, वर्षाला ५० हजार, मर्यादा ८ लाख.

आपली योजना कोणती हे एका कागदावर लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

२. कोणाचं उत्पन्न धरतात

जीओआयच्या केंद्राच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलंय आणि कोणी वाचत नाही. आई किंवा वडील यांच्यापैकी एक जरी हयात असेल तरी फक्त आईवडिलांचंच उत्पन्न धरायचं. घरातल्या इतर कोणाचंही नाही, ते कमावत असले तरी नाही. म्हणजे मोठा भाऊ कंपनीत लागलाय, त्याला ३० हजार पगार आहे, आजोबांना पेन्शन आहे, काका एकत्र राहतो, यातलं काहीही तुमच्या उत्पन्नात येत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. सेतूवर तुम्ही रेशनकार्ड देता, त्यावर आठ नावं असतात, तलाठी चौकशीत विचारतो घरात कमावतं कोण, आई प्रामाणिकपणे सांगते मोठा मुलगा कंपनीत आहे, आणि दाखला येतो चार लाखाचा. मग पोरगा बसतो डोक्याला हात लावून. म्हणून अर्ज करतानाच प्रयोजन "शिष्यवृत्ती" लिहा, आईवडिलांच्या उत्पन्नाचाच दाखला पाहिजे असं तोंडानेही सांगा आणि स्वयंघोषणापत्रात भावाचं उत्पन्न मिसळू नका. भाऊ वेगळा राहत असेल, लग्न झालं असेल तर त्याचं नाव रेशनकार्डावरून वेगळं करून घेणं कधीही चांगलं. एकत्र राहत असाल तर उगाच खोटं वेगळं दाखवायची गरज नाही, नियम तुमच्या बाजूने आहे.

आईचं आणि वडिलांचं मात्र दोघांचंही धरतात, मिळून. आई अंगणवाडीत आहे, शिवणकाम करते, बचत गटाचा पापडाचा धंदा आहे, ते सगळं उत्पन्नच. "वडिलांचाच दाखला लागतो" असं अजूनही बरेच जण सांगतात, त्यांच्या नादी लागू नका.

वडील पगारी असतील आणि आकडा मर्यादेच्या काठावर असेल तर एक गोष्ट बघा. पगारातला घरभाडे भत्ता इन्कम टॅक्समध्ये माफ असेल तर तो स्कॉलरशिपच्या उत्पन्नातूनही वगळायची तरतूद केंद्राच्या नियमावलीत आहे. फॉर्म १६ घेऊन जा आणि तो आकडा बोट ठेवून दाखवा.

आता दुसरा गोंधळ. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएस हे तीन वेगळे कागद आहेत आणि तिन्हीत माणसं वेगळी मोजतात. नॉन क्रिमीलेयरमध्ये फक्त आईवडिलांची परिस्थिती बघतात, तुमची स्वतःची कमाई किंवा नवऱ्याची कमाई बघत नाहीत, आणि कागद तीन वर्षांच्या उत्पन्नाचे लागतात. ईडब्ल्यूएसमध्ये तुम्ही स्वतः, आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, शिवाय लग्न झालं असेल तर नवरा किंवा बायको आणि १८ खालची मुलं, असं कुटुंब धरतात आणि सगळ्या मार्गांचं उत्पन्न मोजतात, पगार, शेती, धंदा सगळं. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला वर मालमत्तेची अट, ५ एकर शेती किंवा १००० चौरस फुटांचा फ्लॅट असेल तर उत्पन्न कमी असून उपयोग नाही, आणि गावची आणि शहरातली मालमत्ता एकत्र मोजतात. कमावता भाऊ २२ वर्षांचा असेल तर तो ईडब्ल्यूएसमध्येही येत नाही, पण वडिलांच्या नावची गावची जमीन येते. त्यामुळे "माझ्याकडे ईडब्ल्यूएस आहे मग उत्पन्नाचा दाखला कशाला" किंवा उलटं, असं म्हणून चालत नाही. जे मागितलंय तेच द्या.

३. घर सरळ नसेल तर

इथे जरा थांबून वाचा, कारण खरे प्रॉब्लेम इथेच आहेत.

वडील वारले आहेत: आईचं उत्पन्न धरायचं. फॅमिली पेन्शन मिळत असेल तर तेही उत्पन्न आहे, लपवू नका, ते बँकेत दिसतं. फॉर्ममध्ये वडील हयात नाहीत असं टाकलं की मृत्यूचा दाखला अपलोड करावा लागतो, त्यावरचं नाव आणि तुमच्या एलसीवरचं वडिलांचं नाव जुळतंय का आधी बघा. गावाकडे मृत्यूच्या दाखल्यावर टोपणनाव लागलेलं असतं, "बाळू" आणि "बाळासाहेब" हे कॉम्प्युटरला दोन वेगळे माणूस वाटतात. ग्रामपंचायतीतून दुरुस्त करून घ्यायला वेळ जातो, आधीच करा.

आईवडील दोघंही नाहीत: तेव्हाच पालकाचं, म्हणजे जो तुम्हाला शिकवतोय त्याचं, उत्पन्न धरतात. फॉर्ममधला गार्डियनचा रकाना यांच्यासाठी आहे. अनाथ म्हणून महिला व बालविकास विभागाचं प्रमाणपत्र मिळत असेल तर ते नक्की काढा, राज्यात शिक्षणात १ टक्का समांतर आरक्षण आहे आणि २०२४ च्या त्या फी माफीच्या जीआरमध्ये अनाथ मुलं आणि मुली दोन्ही आहेत. टेक्निकल कोर्सला असाल तर एआयसीटीईची स्वनाथ योजना बघा, वर्षाला ५० हजार, त्यात कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेलेही बसतात.

मामाकडे, मावशीकडे, आजीकडे राहता: आईवडील हयात आहेत ना, मग मामाचं उत्पन्न धरायचं नाही आणि मामाला गार्डियन म्हणूनही टाकायचं नाही. मामा सरकारी नोकरीत आहे म्हणून घाबरून फॉर्म न भरलेली मुलं मी बघितली आहेत, त्याची काही गरज नव्हती. दाखला तुमच्या आईवडिलांच्या गावच्या तहसीलमधून येणार.

आईवडील वेगळे राहतात: घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाच्या हुकुमाची प्रत, त्यात मुलाचा ताबा कोणाकडे ते पान जरूर पाहिजे, आणि ज्याच्याकडे ताबा त्याचा दाखला काढायचा. पण बहुतेक घरांत घटस्फोट होतच नाही, बाबा निघून जातात नाहीतर आई माहेरी येते आणि वर्षं निघून जातात. अशा वेळी कागदावर वडील हयात आणि कुटुंबातच आहेत. मग मुली रागाने "वडील हयात: नाही" करून टाकतात, आणि पुढच्या पानावर मृत्यूचा दाखला मागतो आणि तिथेच फॉर्म अडकतो. तसं करू नका. हयात आहेत हे खरंच लिहा. आईचं वेगळं रेशनकार्ड करून घ्या, आई परित्यक्ता असल्याबद्दलचा कागद स्थानिक पातळीवर, म्हणजे ग्रामपंचायत किंवा तलाठ्याच्या पंचनाम्यावरून, मिळवा, शपथपत्र जोडा, आणि दाखल्याच्या अर्जातच ही परिस्थिती लिहून तहसीलदारांपुढे ठेवा. कॅफेतल्या मुलाला हे सांगून काही होणार नाही, नायब तहसीलदारांना प्रत्यक्ष भेटा, आईला सोबत न्या. एकदा आईच्या नावचा दाखला आला की पुढचं कॉलेजात कोणी विचारत नाही. वेळ लागतो पण होतं.

लग्न झालंय: मुलगी स्वतः कमावत नसेल तर जीओआयमध्ये नवऱ्याचं उत्पन्न धरतात, माहेरचं नाही. पण जात मात्र वडिलांकडूनच, जातीचा दाखला आणि जात पडताळणी माहेरच्या कागदांवर, आणि नॉन क्रिमीलेयरही आईवडिलांवरूनच. म्हणजे एकाच फॉर्मला सासरचा आणि माहेरचा असे दोन्हीकडचे कागद लागतात, आणि नाव मध्ये बदललेलं असतं. आधार, बँक आणि मार्कशीट यांतलं नाव एक नसेल तर लग्नाचं प्रमाणपत्र किंवा गॅझेट लागतंच. माझं स्पष्ट मत, शिक्षण चालू असेपर्यंत आधारवरचं नाव बदलूच नका, सासूबाई काहीही म्हणू देत.

शेती एकत्र आहे: सातबाऱ्यावर आजोबा, तीन काका आणि वडील अशी सामाईक नावं असतात आणि तलाठी अख्ख्या गटाचं उत्पन्न धरतो. आठ अ चा उतारा घेऊन जा, वडिलांचा हिस्सा किती ते दाखवा आणि तेवढ्याचंच धरायला सांगा. वाटणीचा कागद नसला तरी हिस्सा सांगता येतो.

४. दाखला काढणं

अर्ज आपले सरकार पोर्टलवर घरून किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून करता येतो. साधारण हे लागतं:

- आईचं आणि वडिलांचं आधार, तुमचं आधार
- रेशनकार्ड, दोन्ही बाजू
- पगार असेल तर फॉर्म १६ किंवा पगारपत्रक, धंदा असेल तर आयटी रिटर्न
- शेती असेल तर सातबारा आणि आठ अ
- तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल (तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण शोधताना तलाठीच विचारा)
- स्वयंघोषणापत्र आणि फोटो
- वर सांगितलेल्यांपैकी तुमची जी परिस्थिती असेल तिचा कागद

दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणून मार्चमध्ये काढलेला दाखला जुलैच्या फॉर्मला कामाचा नाही, आणि जूनमध्ये काढायला गेलात तर सगळा तालुका तिथेच असतो. एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेमध्ये काढून ठेवा. लोकसेवा हक्क कायद्यात मुदत १५ दिवसांची आहे, त्यापेक्षा लांबलं तर पोर्टलवरूनच अपील करता येतं, आणि अपील केलंय हे नुसतं सांगितलं तरी फाईल हलते.

एक मोठा सापळा. सेतूच्या बाहेर बसलेला माणूस म्हणतो "२१ हजार टाकू का, कुठेही चालतो". चालत नाही. वडिलांचा पगार बँकेत येतोय, आयटी रिटर्न भरलंय आणि दाखला २१ हजाराचा, हे आज ना उद्या सापडतं, मग स्कॉलरशिप रद्द होते आणि दिलेले पैसे वसूल करतात. दुसरं म्हणजे त्याच वर्षी एज्युकेशन लोन काढायला जाल तेव्हा बँक विचारते फेडणार कशातून, तिथे जास्त उत्पन्न दाखवायचं आणि इकडे कमी, दोन्ही कागद तुमच्याच फाईलमध्ये राहतात. खरं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर व्याजात सवलत देणारी पीएम विद्यालक्ष्मीसुद्धा आहे, खोटं करायची वेळच कशाला आणायची.

आणि हो, रेशनकार्डाच्या रंगावर स्कॉलरशिप ठरत नाही. पांढरं कार्ड म्हणजे उत्पन्न १ लाखाच्या वर, एवढंच. पांढरं कार्ड असलेली पण २.५ लाखाच्या आत बसणारी घरं भरपूर आहेत.

५. राहता कुठे, यावर पैसे बदलतात

उत्पन्नाने तुम्ही पात्र होता की नाही ते ठरतं, आणि राहण्याच्या जागेने किती मिळणार ते. जीओआयमध्ये एससीसाठी २०२१ च्या नियमावलीप्रमाणे वर्षाचा भत्ता असा आहे: इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या पहिल्या गटात हॉस्टेलर असाल तर १३,५०० आणि घरून येजा करत असाल तर ७,०००. दुसऱ्या गटात, म्हणजे बारावीनंतरचे बी.फार्म, नर्सिंग, लॉ वगैरे, ९,५०० आणि ६,५००. साध्या बीए, बीकॉम, बीएससीला ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावी, आयटीआय आणि दहावीनंतरच्या पॉलिटेक्निक डिप्लोमाला ४,००० आणि २,५००. दिव्यांग असाल तर १० टक्के जास्त.

आता हॉस्टेलर कोणाला म्हणायचं? कॉलेजच्या हॉस्टेलला असाल तर प्रश्नच नाही. पण कॉलेजकडे हॉस्टेल नाही किंवा जागा मिळाली नाही आणि तुम्ही रूम करून राहता, तर? नियमावलीत सोय आहे, प्राचार्यांनी मान्य केलेली जागा हॉस्टेल धरता येते, अट अशी की किमान ५ विद्यार्थी मिळून भाड्याने राहत असले पाहिजेत, शक्यतो मेस एकत्र, आणि कॉलेजात हॉस्टेल मिळालं नाही असं प्राचार्यांचं पत्र पाहिजे. दोघांची रूम असेल तर यात बसत नाही. मावशीकडे राहत असाल तर तुम्ही डे स्कॉलर, म्हणजे घरून येजा करणारे, ती कितीही लांब राहत असली तरी. आणि जेवण किंवा राहणं फुकट मिळत असेल तर हॉस्टेलरच्या दराचा एक तृतीयांशच भत्ता, हे माहीत नसतं आणि मग "माझे पैसे कापले" म्हणून लोक भांडत बसतात.

खरी मोठी रक्कम आहे ती राहण्याच्या वेगळ्या योजनांत. एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. सरकारी वसतिगृहाला अर्ज केला पण जागा मिळाली नाही, अशांना थेट खात्यात पैसे: मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर काही महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. उत्पन्नाची मर्यादा २.५ लाखच. आदिवासी मुलांसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसी, व्हीजेएनटी आणि एसबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यातली एकच घेता येते, आणि सरकारी वसतिगृहात राहून वर स्वाधार घेता येत नाही.

या सगळ्यांची एक अट सारखी आहे, तुम्ही ज्या शहरात शिकता तिथले रहिवासी नसले पाहिजे. आणि इथे पोरं स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. पुण्यात आलं की सिम, लायसन्स, गॅस, कशाला तरी आधारवरचा पत्ता बदलून रूमचा करतात, आणि मग अर्जात आधार पुण्याचं दिसतं, म्हणजे तुम्ही स्थानिक, अर्ज बाद. शिक्षण होईपर्यंत आधारचा पत्ता गावचाच ठेवा. उलट ज्यांचे आईवडील कामासाठी आधीच पिंपरीला किंवा कल्याणला राहतात, रेशनकार्ड तिथलंच आहे, आणि गावाचा फक्त जन्म आहे, त्यांनी गावचा पत्ता दाखवून प्रयत्न करू नये, चौकशीत पहिल्यांदा रेशनकार्डच बघतात.

राहण्याच्या योजनांना हे तयार ठेवा: भाडेकरार किंवा हॉस्टेल, पीजीचं पत्र, भाड्याच्या पावत्या, स्थानिक रहिवासी नसल्याचं आणि दुसऱ्या वसतिगृहाचा लाभ घेत नसल्याचं शपथपत्र, बोनाफाईड, मागच्या वर्षाची मार्कशीट, हजेरी. पंजाबरावला अल्पभूधारक दाखला किंवा वडिलांचं कामगार नोंदणी कार्ड. घरमालक भाडेकरार करायला तयार नसतो हे मला माहीत आहे, त्याला टॅक्सची भीती असते, म्हणून रूम ठरवतानाच, डिपॉझिट द्यायच्या आधी, करार करणार का विचारा. नंतर तो ऐकत नाही.

६. घरातली कितवी मुलं

ईबीसीला एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो. प्रगतीला एका घरातल्या दोन मुली. ओबीसी वगैरेंच्या स्कॉलरशिपला एका आईवडिलांचे दोन मुलगे चालतात, मुलींना मर्यादा नाही. याचा हिशोब घरात बसून करा. तीन भावंडं असतील आणि मोठ्याने स्वस्त बीएला लाभ घेतला, दुसऱ्याने घेतला, आणि तिसरीला इंजिनिअरिंगची भली मोठी फी, तर ती अडकते. अर्थात मोठ्याला सांगायचं कसं हा प्रश्न आहेच, तो मी सोडवू शकत नाही.

७. फॉर्म भरताना

प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, आईवडील, चालू कोर्स, मागचं शिक्षण आणि हॉस्टेल असे टप्पे आहेत. घरासंबंधी एवढं बघा:

- कायमचा पत्ता डोमिसाईल आणि रेशनकार्डाशी जुळता, पत्रव्यवहाराचा पत्ता रूमचा. दोन्ही सारखे आहेत असं टिक करून पुढे जाऊ नका.
- उत्पन्नाचा आकडा दाखल्यावरचाच, एक रुपयाही इकडे तिकडे नको.
- दाखल्याचा बारकोड नंबर टाकला की माहिती आपोआप येते, नाव चुकीचं आलं तर तिथेच थांबा.
- डे स्कॉलर आणि हॉस्टेलर हे एकदा चुकलं की वर्षभराचा भत्ता चुकतो.
- मध्ये एक-दोन वर्षं घरच्या अडचणीमुळे शिक्षण सुटलं असेल तर गॅपचं शपथपत्र लागतं.

सबमिट झालं की काम संपत नाही. फॉर्म आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. "सेंड बॅक" आला तर मुदतीत दुरुस्त करावा लागतो, आणि मेसेज येईलच याची खात्री नाही, म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून बघा.

८. खातं कोणाचं

पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि सरकारी पैसे थेट जमा व्हावेत (डीबीटी) म्हणून बँकेने आधारला शेवटी जे खातं जोडलंय, म्हणजे सीडिंग झालंय, त्यात. फॉर्ममध्ये पासबुक कोणतं जोडलं याला अर्थ नाही. शाळेत असताना आईबरोबर जॉइंट काढलेलं झिरो बॅलन्स खातं बंद पडलेलं असतं आणि पैसे तिकडेच जाऊन परत येतात. आईवडिलांचं भांडण असेल, वडिलांच्या हातात पैसे पडू नयेत असं वाटत असेल, तर स्वतःच्या एकट्याच्या नावावर खातं काढा आणि बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा, नुसतं "लिंक" नाही, डीबीटीसाठीचं सीडिंग म्हणून सांगा. आधारच्या वेबसाईटवर कोणती बँक दिसते ते बघून मगच निघा.

९. वर्षाच्या मध्येच घरात काही झालं तर

कमावते वडील किंवा आई वर्षाच्या मध्ये वारली आणि त्यामुळे उत्पन्न मर्यादेत आलं, तर जीओआयच्या केंद्रीय नियमावलीत त्या महिन्यापासून पात्र धरायची तरतूद आहे, आणि अर्जाची शेवटची तारीख गेली असली तरी सहानुभूतीने अर्ज घेता येतो. हे कॉलेजला माहीत नसण्याची शक्यता जास्त. अशा वेळी पोर्टल बंद आहे असं उत्तर घेऊन परत येऊ नका. मृत्यूचा दाखला, नवीन उत्पन्नाचा दाखला आणि प्राचार्यांचं शिफारस पत्र घेऊन समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा. घरात त्या दिवसांत कोणाला हे सुचत नाही, म्हणून वर्गातल्या मित्राने किंवा चुलत भावाने हे काम अंगावर घ्यावं.

रिन्युअलला मागच्या वर्षीचीच माहिती भरून येते, त्यामुळे हॉस्टेल सोडून रूम केली, बहिणीचं लग्न झालं आणि ती पण शिकतेय, आईला नोकरी लागली, असं काही बदललं असेल तर ते स्वतः उघडून बदला आणि बदललेल्या गोष्टीचा कागद त्याच दिवशी अपलोड करा, नाहीतर स्क्रुटिनीत जुना पत्ता आणि नवीन भाडेकरार असे दोन वेगळे कागद दिसतात आणि फॉर्म परत येतो.